स्वखुशीने चौदा

रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळी १०.२०

शर्टाला इस्त्री करत होतो. नोकरी नाही, पण इस्त्री आहे! तेवढ्यात मेल — विम्याचा दावा नामंजूर. नोकरी गेली तर तीन महिने अर्धा पगार मिळेल, म्हणून इथे आखातात दोन वर्षं दरमहा चाळीस रियाल भरले. आता कळवतात, 'आपण स्वतःहून राजीनामा दिला आहे.'

दिला! कारण आमच्या ऑफिसात अकाउंट्स बघणारे गुरुप्रसादकाका म्हणाले, "अवधूत, काढलं असं कागदावर दिसू नये रे. राजीनामा दे. अब्रू राहते." चौदा जणांना काढलं, चौदा राजीनामे आले. सगळे एकाच दिवशी कंटाळलो!

सोमवार, १२ जानेवारी

अपिलाला पंधरा दिवस, म्हणजे २६ पर्यंत. अर्ज चारदा लिहिला. नववीत शाळा सुटली, पण चुकलेला शब्द मला सहन होत नाही.

बुधवार, १४ जानेवारी

मुशैरिबला विमा कंपनीत गेलो. खुर्च्या इतक्या मऊ की ताठ बसून भांडता येत नाही. तिथला क्लार्क अमान — सभ्य माणूस. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझाच निरोपाचा मेल! आमच्या ऑफिसने पुरावा म्हणून जोडलेला. 'स्वखुशीने जात आहे. खूप शिकायला मिळालं.' डिक्शनरी उघडून लिहिला होता. एक चूक नाही.

"भाई, इतना अच्छा लिखा है, अब मैं क्या बोलूँ?"

ऑफिसातल्या कुणी सही करून लिहून दिलं की काढलं होतं, तर बघू म्हणाला. इन्शाल्ला.

गुरुवार, १५ जानेवारी

काकांना फोन.

"अरे, माझी मुलं इथल्या शाळेत आहेत. मी कशी सही करू?" आणि वर — "पण तुझा मेल छान होता हं!"

मंगळवार, २० जानेवारी

आई विचारते, काम कसं चाललंय? म्हटलं, फार काम आहे. खोटं नाही. अर्ज सातव्यांदा लिहितोय. खोलीतला रमीज म्हणाला, "यल्ला, चल, पहले खाना खा." या महिन्याचं माझं भाडंही त्यानेच भरलंय. घास मोजून खाल्ले.

रविवार, २५ जानेवारी

काका स्वतः फरीज बिन ओमरानला, माझ्या खोलीवर आले! खालच्या कॅफेटेरियात बसलो.

"आज साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, राजीनामा लिहून आणा."

"लिहू नका, काका. आणि निरोपाचा मेल तर नकोच — कितीही छान जमला तरी."

हसले नाहीत. पेन मागितलं. माझ्या कागदावर चौदाही नावं तारखांसकट लिहिली, खाली सही केली. मग पंधरावं नाव लिहिलं — स्वतःचं.

खर्च : प्रिंट ६, मेट्रो ४, करक चहा दोन ४. एकूण १४ रियाल.
देणं : रमीजला ९००. काकांचं काही नाही. चहा मीच पाजला.