जिभेच्या नसेचं मशीन

३ जून
आजपासून एकच ध्येय: बाबांचा स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत जीभ मागे पडते, श्वास अडकतो, माणूस दिवसभर पेंगतो. बाबा दुपारी खुर्चीत पेंगतात, म्हणजे तेच. नेटवर वाचलं, छातीच्या कातडीखाली छोटं मशीन बसवतात. ते जिभेच्या नसेला हलका करंट देतं, जीभ पुढे सरकते, श्वास मोकळा. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, हे मीच करायचं. बाबा बरे झाल्याशिवाय एम.एस्सी.ला इंदौरला जाणार नाही. हॉस्टेलचा फॉर्म टेबलावरच आहे.
वाचता वाचता त्याच्यावरच डोकं टेकलं आणि डोळा लागला. ऊन फार.

५ जून
काल बाबांच्या खाटेशी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. लक्ष देऊन ऐकावं म्हणून डोळे मिटले, तर सकाळ. सहा तासांचं रेकॉर्डिंग! चार मिनिटं ऐकलं. भयंकर. पुढे झोप लागली. पण पुरावा पक्का.

६ जून
बाबा म्हणतात, "बेटा, त्या रात्री मी घरी कुठे होतो? रात्रपाळीचा यादव आला नाही, अकराला कारखान्यात लूमवर गेलो, त्याची पाळी केली." पेशंट नेहमी नाकारतो. आईही त्यांच्याच बाजूने. शिकलेलं माणूस घरात एकटं पडतं.

९ जून
कोचिंगमध्ये मुलांना श्वसनसंस्था शिकवताना मला खुर्चीतच डुलकी. मुलांनी पंखा बंद करून उठवलं. कोचिंगचे मालक सर म्हणाले, पुन्हा झालं तर बघा. बाबांची काळजी, दुसरं काय! नऊ तास झोपूनही अंग जड.

११ जून
बाबा दवाखान्यात यायला तयार. अट एकच, येताना मावा जलेबी.

१२ जून
डॉक्टरांना सरळ नसेच्या मशीनचंच विचारलं. म्हणाले, आधी झोपेची तपासणी, मग झोपताना नाकावर हवेचा मास्क. मास्क झेपलाच नाही तर ते मशीन, तेही सगळ्यांना चालत नाही. मग रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. घोरणं. शांतता. पुन्हा घोरणं. आणि मध्येच आईचा आवाज: "रश्मे, कुशीवर हो गं. तुझे बाबा लूमवर जाऊन सुटले, मी कुठे जाऊ?"
डॉक्टर हसले नाहीत. तपासणीच्या कागदावर माझं नाव लिहिलं.
बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "मास्क लावून जा इंदौरला, बेटा. आम्हीपण झोपू थोडं."
जलेबी मी खाल्ली नाही.

१५ जून
हॉस्टेलच्या फॉर्मची शेवटची तारीख. त्यात लिहिलंय, एका खोलीत तीन मुली झोपणार.
भरला नाही. बाबांना या अवस्थेत टाकून कशी जाऊ?