कीटणाचा आधार

३ मार्च, वडगाव मावळ
बाजारातून आणले: मिशेरीचा पुडा १० रु., लवंगतेल ४५. मऊ ब्रश अनघाने परस्पर आणला, म्हणून घरखर्चात धरला नाही. लेकीला पैशाची किंमत नाही.
पेरू खाल्ला. पेरूवर रक्त. पेरू फार कडक होता.

१५ मार्च, सकाळ
चूळ लाल. ब्रशने हिरड्या सोलतात, सिद्ध झाले. ब्रश बंद. मिशेरी लावली की रक्त दिसत नाही. पंचशीलातल्या पाचव्या शीलात मद्य वर्ज्य आहे, तंबाखूचे नाव नाही. पुन्हा म्हणून पाहिले. आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, सगळे दात पन्नाशीत गेले, पण त्या दिवसातून पाचदा लावायच्या. मी तीनदा. पाहुणे आले तर चारदा.

१४ एप्रिल
जयंती. विहारात वस्तीतली यशोधरा शेजारी बसली आणि मध्ये पर्स ठेवली. मग हळूच विचारते, सरूताई, पोट साफ होतं ना वेळच्या वेळी? तोंडाच्या वासाचे मूळ पोटात, हे तिलाही कळले. आजपासून त्रिफळा.

९ मे
अनघाने फसवून स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. पोरगी अनघाएवढीच. हिरडीत सळई घालून आकडे सांगत होती. म्हणाली, काकू, दुखत नाही हीच तर पंचाईत आहे. रक्त येतं, वास येतो, हिरड्या खाली सरकल्यात. आत खिसे पडलेत, त्यात कीटण बसलंय. वरवर घासून भागायचं नाही, भूल देऊन हिरडीच्या आतून डीप क्लिनिंग करू. आत्ता केलं तर दात राहतील. आणि मिशेरी आजपासून बंद.
सहा हजार! न दुखणाऱ्या गोष्टीचे. शिवाय माझे दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात, म्हणजे जोमातच आहेत.

१० मे
ह्यांचा जन्म गवंडीकामात गेला. सहज विचारले, जुन्या भिंतीचा गिलावा खरवडला तर विटा हलतात का? म्हणाले, व्हय, हलणारच की. झाले. कीटण म्हणजे दातांचा गिलावा. त्यानेच धरून ठेवलेत. डॉक्टरीणबाईंना बांधकामातले काय कळणार!

२१ जुलै
वर्षावास सुरू. विहारातले तीन महिन्यांचे ग्रंथवाचन यंदाही माझ्याकडेच. अख्ख्या वस्तीत माझ्याइतके स्पष्ट कोणी वाचत नाही, हे भन्तेजींनी सर्वांसमोर सांगितलेले आहे. आयुष्यात तेवढी एकच खुर्ची माझी.
खालचा एक दात जिभेने हलतो. जिभेला वाईट खोड लागली आहे. तिला शिस्त लावायची.
संकल्प: तीन महिने मिशेरी बंद.

२२ जुलै
मिशेरीवाचून वाचताना चित्त थाऱ्यावर राहिना. वाचन महत्त्वाचे. संकल्प पुढच्या पौर्णिमेपासून.

१९ ऑगस्ट
पौर्णिमा. भाकरीत खडा लागला. गिरणीवाल्याला जाऊन चांगले सुनावले. घरी येऊन पाहिले तर खडा नव्हे.

२ सप्टेंबर
आपण होऊन गेले. सहा हजार घेऊन. फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी फोटोवर बोट टेकवून दाखवले. काकू, मे महिन्यात यायला हवं होतं, आता खालचं हाडच झिजलंय. पुढचे तीन काढावे लागतील, बाकीच्यांचं क्लिनिंग लगेच करू. मी म्हटले, तीन कमी झाले तर फीसुद्धा कमी होईल ना? हसल्या नाहीत.
रात्री ह्यांना गिलाव्याचे सगळे सांगितले. ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. अगं, ओल धरल्याला गिलावा काढायलाच लागतोय, न्हाईतर वीट सडती! आदी सांगायचं व्हतंस ना, कंच्या भिंतीचं इचारतीस ते!

२० सप्टेंबर
तीन काढले. त्यातच पैसे संपत आले, क्लिनिंग दिवाळीनंतर. जखमेवर चिमूटभर मिशेरी लावली. औषध म्हणून.

१७ ऑक्टोबर
वर्षावासाची समाप्ती. वाचन यशोधरेने केले. चांगले वाचते. मी मागच्या रांगेत, पदर तोंडावर. वरचे दोन हलू लागलेत. पुन्हा दाखवायला गेले नाही; काय सांगतील ते आता मलाच माहीत आहे.
फोनवर माझे बोलणे कोणाला उमगत नाही, म्हणून नवलाख उंब्र्याला नणंदेला कार्ड टाकले. मजकूर इथे उतरवून ठेवते:
रेणुकावन्सं, जयभीम. आत्याबाईंची कवळी तुम्ही आठवण म्हणून पेटीत ठेवली होती. ती पूर्ण तोंडाची होती ना? माझे उरलेले जायला आता फार दिवस लागायचे नाहीत. तोवर कोणाला देऊ नका. आहे की नाही, ते उलट टपाली कळवा.