सावरगावचं लुगडं

पांढुर्णा,
कार्तिक वद्य पंचमी, सन १९५६

तार उशिरा भेटली, हे लिहाले तुले बायको बसवा लागली? माय तुही मेली, तिची नाही. राज्य तुटून राहिलं, भोपाळले जाचं का मुंबईले हा हुकूम अजून आला नाही, म्हणून सुट्टी नाही म्हणे. राज्य तुटलं, नागपूरची गाडी तुटली काय? रोज येते. मी शिट्टी ऐकतो.

असो. चि. केशवले काकूचा आशीर्वाद. आम्ही जिवंत आहो. संत्रा यंदा बरा आहे. नातवाले लिहाले बसवलं असतं, पण ही गोष्ट त्याच्या कानाची नाही.

तुही माय अंबाबाई परकरातली पोर होती तेव्हा नदीपलीकडच्या सावरगावून या घरात आली. हाक मारली तर माहेरी ऐकू जाये, पण सासूनं मारू दिली नाही. तुहा बाप गेल्यावर जिनिंगात कापसाची धूळ खाऊन तिनं तुले मॅट्रिक केलं. माह्याशी चुलीवरून रोज भांडे. आता भांडाले कोणी नाही.

सावरगावले मात्र तिनं इंग्रज गेले त्या सालच्या पोळ्याच्या गोटमारीपासून पाय ठेवला नाही. एका काठावरून सावरगाव, दुसऱ्यावरून आपण, दरसालसारखे दगड चालून राहिले होते. तुहा मामा नदीतल्या पळसावरचा झेंडा तोडाले गेला अन् कानशिलात गोटा बसला. तिथंच गेला. गोटमारीत कोणाचा गोटा, हे कोणी पुसत नाही. सावरगावनंही पुसलं नाही.

आम्ही दोघी काठावर उभ्या होतो. आपल्या बाजूले डाव्या हातानं फेकणारा एकच होता.

त्या संध्याकाळी तिनं तुले भाकर वाढली. मी म्हटलं, "बाई, पोराले विचार." म्हणे, "तू आपली चूल पाहाय." मग तू नागपूरले नोकरी धरली अन् पोळ्याले कधी आला नाही.

बाई मेली का माहेरचं लुगडं आल्याशिवाय उचलत नाही. सारे म्हणत, तिकडून कोण येते आता? तुह्या मामाचा पोरगा गजानन आला, लुगडं काखेत. "काकू, आत्याले हे नेसवा." दिवस कलला, तुहा पत्ता नाही. मडकं त्यानंच खांद्यावर घेतलं. आगही त्यानंच दिली. जाताना विचारे, "केशवदादा काहून नाही आला?" त्याले काही ठाऊक नाही. मी सांगणार नाही.

मरताना तुही माय एवढंच बोलली, "केशवले म्हण, मी पाहिलं होतं."

तेरवी अजून व्हाची आहे.

तुही काकू
कलाबाई

उत्तर मले नको. सुनेचं अक्षर तर नकोच. गजाननले लिही, तू स्वतः, त्याच डाव्या हातानं.