नव्या डब्याची पद्धत

प्रिय धाकट्या,

विज्ञानाच्या तासाला तू खिडकीबाहेर बघत बसायचास, म्हणून आज ताईची शिकवणी. कंटाळलास तरी शेवटपर्यंत वाच. फोनवर हे सांगता आलं नसतं. फोन वाजला की आई शेजारी येऊन बसते.

आमच्या चीजच्या कारखान्यात दूध जमवायला रेनेट घालतात. ते एक एन्झाइम, म्हणजे काम झटपट उरकून देणारं आणि स्वतः न संपणारं प्रथिन. थोडंसं घातलं तरी हौदभर दुधाला पुरतं. त्याची सगळी करामत त्याच्या घडणीत. त्याच्या खाचेत दुधातलं प्रथिन नेमकं बसतं. मागे थर्मामीटर बिघडला, दूध फार तापलं आणि रेनेटची घडणच मोडली. आम्ही हौदाशी ताटकळलो, दूध ढिम्म. गार करूनही उपयोग झाला नाही. थंडीत एन्झाइम नुसतं सुस्तावतं, जास्त उष्णतेत मात्र कायमचं कामातून जातं. आंबटपणाही प्रत्येक एन्झाइमला ठरावीकच मानवतो.

बाबांच्या कॅप्सूलमध्येही एन्झाइमच आहेत. ऑपरेशनमध्ये स्वादुपिंड काढल्यापासून जेवण पचवायचं काम त्यांच्यावर. तरी वजन उतरतंच आहे. डॉक्टरांनी डोस वाढवून पाहिला. आता पोटात नळी घालायची भाषा चाललीय.

मी इथे आई-बाबांकडे आले आणि पहिल्याच जेवणाला उलगडा झाला. बाबांना कॅप्सूल गिळवत नाही, म्हणून आई ती उघडते, दाणे उकळत्या सूपमध्ये ढवळते आणि वाफाळता वाडगा त्यांच्या हातात देते. गार अन्न तिच्या लेखी अन्नच नाही. एकही डोस चुकवला नाही, असं ती शेजारणीला अभिमानाने सांगत होती. मी मान खाली घालून सूप प्यायले. रडू येत होतं.

डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. नळीचं पुढच्या तपासणीला बघू म्हणाले. आईला मी समजावतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. ऑपरेशनपासून ती धड झोपलेली नाही. हे कळलं तर पुन्हा कधी झोपणार नाही.

सध्या लेकीची हौस म्हणून बाबांना मीच भरवते, पण रविवारी मला निघावं लागेल. त्याआधी आईला फोन कर. कॅप्सूल तूच पाठवतोस, तेव्हा तुझं ती ऐकेल. सांग, कंपनीने नवा डबा काढलाय, त्याची पद्धत वेगळी आहे: दाणे गार सफरचंदाच्या गरात घालायचे आणि न चावता लगेच गिळायचे, म्हणजे पोटातल्या आम्लापासून वाचवणारं त्यांच्यावरचं आवरण फुटत नाही. ती खोदून खोदून विचारेल, म्हणून तर ही शिकवणी. शेवटी हेही विचारेल, की जुन्या डब्यातल्यांना गरम चालत होतं ना. तेव्हा अडखळू नकोस. हो म्हण.

तुझीच,
ताई