आखूड नाकाचा प्लग

आई, धाकटा पुन्हा गाडी पळवतो आहे. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. रस्त्यावर नाही. महाळुंग्याच्या पुढे एका शेतकऱ्याने आपल्या मोकळ्या रानात मातीचा गोल ट्रॅक केला आहे, तिथे रविवारी ही मंडळी जमतात. हेल्मेट असतं, छातीला आणि गुडघ्यांना पॅड असतात, कडेला ॲम्ब्युलन्स उभी असते. ॲम्ब्युलन्सचं नाव काढल्याबरोबर तू मला गप्प केलं असतंस, ते मला माहीत आहे. त्याचा पाय अजून ओढतो, थंडीत जरा जास्त. गाडीवर बसला की ते दिसत नाही.

संत तुकाराम नगरमधली आपली दोन खोल्यांची जागा सोडून बरीच वर्षं झाली. तरी तुझी आठवण आली की तेच स्वयंपाकघर येतं. तू पहिली शिफ्ट करून येतेस, चप्पल काढतेस, आणि जेवणाआधी फरशीवर आडवी होऊन डोळ्यांवर ओला पंचा ठेवतेस. तू स्पार्क प्लगच्या कंपनीत होतीस. प्लगच्या आतली ती चिनीमातीची पांढरी, पोकळ नळी दिव्याखाली फिरवून बघायची, तिच्या निमुळत्या टोकाला कुठे केसाएवढी चीर आहे का ते शोधायचं, चांगली एका ट्रेमध्ये, चिरलेली दुसऱ्यात. त्या टोकाला तुम्ही बायका नाक म्हणायचात. "आज आखूड नाकाचा माल होता, डोळे फुटायची पाळी आली," असं तू सांगायचीस आणि करंगळी पुढे करून ते नाक केवढं ते दाखवायचीस. मी तांदूळ निवडताना टीव्हीकडे बघत असले की ताट माझ्या हातातून काढून घ्यायचीस. ओरडायची नाहीस. "चीर एकदाच दिसती," म्हणायचीस, "तवा नजर दुसरीकडं असली तर ती गेली पुढं." गाव सोडून तुला इतकी वर्षं झाली होती, पण बोलणं तिकडचंच राहिलं.

धाकटा पडला तो रविवार. काळेवाडीच्या एका गॅरेजमध्ये त्याने आणि त्याच्या मित्राने जुन्या गाडीचं इंजिन वाढवून घेतलं होतं. सिलिंडरचा बोअर मोठा, आतला दाब वाढावा म्हणून हेड घासून कमी केलेलं, वर मोठा कार्ब्युरेटर. आपल्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. माण गावाकडे जाणारा रस्ता तेव्हा दुपारी मोकळा असायचा. त्यावर भर वेगात पिस्टनला भोक पडलं, इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि हा रस्त्यावर घसरत गेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. हॉस्पिटलात मित्र आपल्या समोर उभा राहिला. त्याने खिशातून इंजिनातला प्लग काढून तुझ्यापुढे धरला. तू तो घेऊन खिडकीपाशी गेलीस. मी मागे उभी होते. नाक पांढरंफटक, त्यावर फोड आल्यासारखे दाणे, पुढची तार वितळून गेलेली. तू तो उलटा केलास आणि धातूवर उमटवलेलं तुमच्या कंपनीचं चिन्ह बघितलंस. मग प्लग पदराच्या टोकात बांधलास आणि धाकट्याच्या उशाशी जाऊन बसलीस.

त्यानंतर तू महिनाभर नीट जेवली नाहीस. धाकटा वाचला होता, पाय जोडला होता, शेजारच्या बायका म्हणायच्या आता कशाला जीव जाळतेस. कंपनीत तुझा हात मंदावला. तुझ्या मैत्रिणीने मला जिन्यात थांबवून सांगितलं की तू एकेक नग दोन-दोनदा दिव्याखाली धरतेस, सुपरवायझर बोलला तरी ऐकत नाहीस. मी तुला विचारलं ते पोळ्या करताना. तू लाटणं थांबवलं नाहीस.

"माझ्याच नजरंखालून गेला असंल तर?" तू म्हणालीस. "चिरलेला असंल आनि मी चांगल्यात टाकला असंल तर?"

मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तुझ्याकडून तो प्लग मागून घेतला आणि इंजिन शिकवणाऱ्या सरांकडे गेले. सरांनी आधी गाडीला काय काय केलं होतं ते विचारलं. मग त्याच नंबरचा नवा प्लग आणायला लावला आणि दोन्ही शेजारी ठेवून मला समजावलं. प्लगमध्ये दोष नव्हता, आई. तो साध्या इंजिनासाठी अगदी बरोबर होता. लांब नाकाचा. लांब नाकातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून त्याचं टोक तापलेलं राहतं. साध्या इंजिनाला तेच हवं असतं, टोकावरची काजळी जळून जाते. पण दाब वाढवलेल्या इंजिनात आधीच आग जास्त. तिथे टोक इतकं लाल होतं की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं, आणि खाली पिस्टन वितळतो. अशा इंजिनाला आखूड नाकाचा, म्हणजे उष्णता पटकन सोडणारा थंड प्लग लागतो. इंजिन बदललं आणि प्लग बदलला नाही, एवढीच चूक होती. ती गॅरेजमध्ये झाली होती.

घरी येऊन हे सगळं मी तुला ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. हातात एक जुना आणि एक नवा प्लग. मला वाटलं होतं तू सुटल्यासारखा श्वास टाकशील, नाहीतर रडशील. तू दोन्ही प्लग घेतलेस आणि नेहमीच्या सवयीने उजेडाकडे फिरवलेस.

"म्हंजे लांब नाकाचा गरम आनि आखूड नाकाचा थंड," म्हणालीस. "इतकी वर्सं दोन्ही हाताखालनं गेले. कोन कशाला, ते कुनी सांगितलं न्हाई. मीबी कदी इचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तू पोटभर जेवलीस आणि शिफ्टला गेलीस. पुढे मैत्रिणीकडून कळलं की तू लाइनवरच्या नव्या पोरींना काम शिकवताना हेसुद्धा सांगायला लागलीस, कुठलं नाक कसल्या इंजिनात जातं ते. धाकट्याला तू कधी बोल लावला नाहीस. फक्त त्याला काठी सोडून चालायला लावताना गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या पुढे उलटी चालायचीस, तोंड त्याच्याकडे करून. वैशाख पौर्णिमेला तो पहिल्यांदा काठीशिवाय विहारात आला, तेव्हा पांढऱ्या साडीत तू त्याच्यामागे होतीस. त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत तुला.

आता मी चाकणला इंजिन तपासायच्या विभागात आहे. प्लग हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. पण मागच्या महिन्यात धाकटा घरी आला, चहा घेतला, आणि म्हणाला, "ताई, इंजिन वाढवलंय. प्लग तू सांग." मी त्याच्याकडे बघत राहिले. या वेळी त्याने आधी विचारलं होतं. मग मी त्याला सगळं विचारलं, बोअर किती, हेड किती घासलं, पेट्रोल-हवेचं मिश्रण कसं ठेवलंय, ठिणगीचं टायमिंग काय आहे. दाब किती वाढला ते मोजलं. हिशेबाने मूळ प्लगपेक्षा एक पायरी थंड पुरे होता. मी तीन पायऱ्या थंड दिला.

ट्रॅकवर गाडी धड चालेना. वळणावर वेग कमी केला की मिस मारायची, म्हणजे मधूनच ठिणगी चुकायची, आणि पुन्हा वेग उचलत नव्हती. प्लग काढला तर नाक काजळीने काळं, ओलसर. थंड प्लगचं टोक पुरेसं तापत नाही, काजळी जळत नाही, ती साचून ठिणगी मरते. हे मी नव्या इंजिनियरना शिकवते. धाकट्याने प्लग कापडावर ठेवला आणि माझ्या शेजारी खाली बसला.

"ताई," तो म्हणाला, "एवढा थंड घालून तू मला पळूच देणार नाहीस. बंद पडलेल्या गाडीवर मागून दुसरा येऊन आदळतो, तेही वाईटच."

तो रागावला नव्हता. मी पेटीतून दोन पायऱ्या कमी थंड, म्हणजे हिशेबात बसणारा प्लग काढला, ठिणगीची फट मोजली, आणि स्वतःच्या हाताने बसवला. त्याने सरळ पट्ट्यावर पूर्ण वेग घेतला, तिथेच इंजिन बंद केलं, क्लच ओढून गाडी तशीच घरंगळत आणली. प्लगच्या रंगावरून इंजिनाचं ओळखायचं तर असंच करावं लागतं, नाहीतर हळू चालवताना रंग बदलतो. थंड झाल्यावर मी प्लग काढून उन्हात धरला. नाक भाजलेल्या रव्याच्या रंगाचं, कोरडं, कुठे दाणा नाही, फोड नाही. मी तो फिरवून फिरवून बघितला. चीरसुद्धा शोधली. सवय तुझीच.

मग त्याने शर्यतीच्या फेऱ्या मारल्या. धूळ उठली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. हेल्मेट काढत तो माझ्याकडे आला, घामाने आणि मातीने भरलेला, लंगडत, आणि मला त्याने एकच विचारलं, "ताई, शेवटचं वळण बघितलंस ना?" मी म्हटलं, बघितलं, छान घेतलंस.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि घरात धाकट्याच्या हाती लागेल असं ठेवणारही नाही. फक्त तुला सांगते. मी काहीच बघितलं नाही, आई. तो सुटला तेव्हापासून थांबेपर्यंत मी ट्रॅककडे पाठ करून उभी होते, डोळे मिटून, नुसता इंजिनाचा आवाज ऐकत.