मक्याच्या अलीकडे उतरलेलं विमान

ती. वालबुर्गाअक्का हीस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार, आणि एगोनदाजींना एक जास्तीचा, कारण त्यांच्याकडे माझं थोडं काम आहे (ते शेवटी). तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? दाजींच्या मधमाश्या या वर्षी तरी मालकाला ओळखतात की अजून चावतातच? ईस्टरला तू इथे विसरलेल्या लाल छत्रीबद्दल मागच्या पत्रात विचारलं होतंस, तेही शेवटी लिहितो. आम्ही सगळे ठीक आहोत असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर तुझी भावजय रोस्विता ठीक आहे. मी ठीक नाही. काल रविवारपासून मला बटाट्याचं सॅलडसुद्धा गोड लागत नाही, आणि तुझ्या भावाला ते गोड लागत नाही म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको.

आमच्या मॉडेल विमान मंडळाची धावपट्टी गवताची आणि आखूड आहे, आणि ती जिथे संपते तिथे लांबर्टचा मका सुरू होतो. इतर सभासदांच्या पंख्याच्या विमानांना हे चालतं, ती हळूच येऊन कोंबडीसारखी खाली बसतात. माझं मात्र जेट. आपल्या जर्मन वायुदलात पूर्वी होतं ते स्टारफायटर, तळघरात कितीतरी हिवाळे बसून बांधलेलं (मूळची विमानं फार पडायची हे मला सांगू नकोस, ते सांगणारी माणसं मंडळात भरपूर आहेत). त्याचे पंख म्हणजे दोन चाकूची पाती. हळू आलं तर पडतं, म्हणून ते जोरात येतं, आणि जोरात आलं की थांबत नाही. दोनदा ते थेट मक्यात शिरलं. दोन्ही वेळा लांबर्टने ते घोंगडीवर ठेवून ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून परत आणलं, एकदा विमानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या ना, तर मला रात्री झोप लागली असती.

मग व्हायचं तेच झालं. खानावळीच्या मागच्या खोलीत मंडळाची सभा भरली आणि आमचे सुरक्षा-प्रमुख ग्रुंडल (पूर्वी मोजणी खात्यात होते, अजूनही माणसाकडे हद्दीचा दगड चुकलाय अशा नजरेने बघतात) यांनी ठराव मांडला. जेट तिसऱ्यांदा मक्यात गेलं तर या मैदानावर जेट कायमचं बंद. सगळे हात वर गेले. माझासुद्धा गेला, कारण ठराव रीतसर होता. आता आजूबाजूच्या एकाही मैदानावर जेटला परवानगी नाही. म्हणजे तिसऱ्या खेपेनंतर माझं विमान भिंतीवर टांगायचं आणि मी त्याच्याखाली बसून पेपर वाचायचा. अक्का, मला खरंच भीती वाटली. नोकरी संपली तेव्हासुद्धा इतकी वाटली नव्हती.

म्हणून पॅराशूट. मूळ विमानाला शेपटीखाली होतंच: चाकं टेकली की झाकण उघडायचं, पॅराशूट मागे फुलायचं आणि विमानाला ओढून धरायचं. मीही शेपटीखाली कप्पा कोरला, झाकणाला स्प्रिंग लावली, न जळणारा दोर आणला आणि माझ्या जुन्या निळ्या रेनकोटाचं पॅराशूट शिवलं. पहिली चाचणी रोस्विताच्या गाडीला बांधून शेतरस्त्यावर घेतली. ते इतकं जोरात उघडलं की डिकीतली भाजीची पेटी बरोबर घेऊन गेलं (रोस्विता म्हणाली, चला, निदान काहीतरी थांबलं). दुसरी चाचणी विमानावर. झाकण उघडलं, निळं कापड बाहेर आलं, इंजिनाच्या गरम झोतात सापडलं आणि कांद्याच्या केकवरच्या चीजसारखं वितळून शेपटीला चिकटलं. मी दोन दिवस ते खरवडत होतो.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. अजूनही ती मला हुशारीचीच वाटते, हेच माझं दुःख आहे. झोताने कापड जळतं ना? मग झोतच नको. मी इंजिन आणि पॅराशूट हातातल्या रिमोटच्या एकाच बटणावर घेतली: बटण दाबलं की आधी इंजिन बंद आणि लगेच पॅराशूट बाहेर. मधल्या काळात मला चांगलं लाल कापड मिळालं होतं (कुठून ते नंतर), त्याचं नवं पॅराशूट केलं. ग्रुंडलनी हरकत घेतली की नियमाप्रमाणे मैदानावर विमानातून कोणतीही वस्तू पडता कामा नये. त्यावर पुन्हा सभा. शेवटी ठरलं की पॅराशूट सुटून पडलं तरी ती वस्तू पडली असं धरायचं नाही, मात्र ती पिवळं जाकीट घातलेल्या माणसाने तातडीने उचलावी. तो माणूस म्हणून रोस्विताची नेमणूक झाली. निघताना ग्रुंडलनी विचारलं, आणि हवेतच इंजिन बंद केलं तर? मी हसलो. म्हटलं, हवेत इंजिन कोण बंद करतो?

काल मंडळाचा उन्हाळी मेळावा होता. केकचा तंबू, बिअरचे बाक, अर्धं गाव हजर. मला दुपारच्या शांततेच्या आधीची वेळ दिली होती. (बारा ते तीन आमच्या गावात गवतसुद्धा कापत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. मंडळाला मैदान मिळालं तेच त्या अटीवर, आणि आजवर एकाही माणसाने ती मोडलेली नाही.) पण पाद्रीबुवांनी सगळ्या विमानांना एकत्र आशीर्वाद द्यायचा सोडून एकेकाला वेगळा दिला, काही विमानांची तर नावंही विचारली, आणि माझं जेट हवेत गेलं तेव्हा बाराला फारसा अवकाश नव्हता. तरी उड्डाण झकास झालं. मी वळवून खाली आणलं, चाकं बाहेर काढली, ते धावपट्टीच्या तोंडाशी आलं, झाडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर. मक्याकडे मी बघतच नव्हतो. आणि तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली.

ग्रुंडल माझ्या मागेच उभे होते. ते ओरडले नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "गेबहार्ट, बारा."

अक्का, मी विचार केलाच नाही. बारा वाजले की इंजिन बंद. आईने आपल्याला जे शिकवलं ते माझ्या अंगठ्यात गेलेलं आहे. अंगठ्याने बटण दाबलं. इंजिन आज्ञाधारकपणे गप्प झालं, झाकण उघडलं, आणि पॅराशूट फुललं. काय फुललं म्हणून सांगू! लालभडक, एक सुरकुती नाही. एवढं सुंदर काही मी हाताने केलेलं नव्हतं. श्वासभर मी या जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो. मग विमान हवेत उभं राहिलं, त्याने जरा इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं, आणि दगडासारखं खाली आलं.

पंख एकीकडे, नाक एकीकडे. पिवळं जाकीट घातलेली रोस्विता धावत गेली आणि नेमून दिल्याप्रमाणे तिने फक्त पॅराशूट उचललं. ग्रुंडलनी फीत काढून अंतर मोजलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की विमान हद्दीच्या आत, मक्याच्या अलीकडे उतरलेलं आहे, आवाज घंटा संपायच्या आत बंद झालेला आहे, सबब जेटला पुढेही परवानगी राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परवानगी आहे आणि जेट नाही! मी हात जोडून सगळ्यांचे आभार मानले.

मी गवतात बसून तुकडे गोळा करत होतो तेव्हा लांबर्ट आला. माझ्या शेजारी खाली बसला आणि प्रथमच बोलला. म्हणाला, "मी पहाटे मक्यात पट्टा कापून ठेवला होता. धावपट्टीला सरळ लावून. चांगला लांब."

मी उठून केकच्या तंबूच्या पलीकडे जाऊन बघितलं. खरंच होता. विमान आरामात आत जाऊन थांबलं असतं असा गुळगुळीत, कडेपर्यंत साफ केलेला पट्टा. काखेत कळसा आणि मी रेनकोट शिवत बसलो होतो.

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठे," तो म्हणाला. मग विमानाचं मोडकं नाक हातात घेऊन त्याने बाहीने पुसलं. "दोनदा माझ्याकडे आलं तेव्हा जवळून बघायला मिळालं. फार छान केलंयस. म्हटलं, या वेळी नीट येऊ दे."

मला रडू आलं, अक्का. सगळ्या मेळाव्यासमोर आलं. मग पाद्रीबुवाही आले, पण त्यांना मी म्हटलं, आता नको.

तर हा नाद मी सोडला. तळघर झाडून काढलंय. रोस्विता तिथे सफरचंदं ठेवणार आहे. आता मी चालायला जाईन, प्रकृती सांभाळीन आणि तुला नियमाने पत्रं लिहीन.

तुझा हताश भाऊ,
गेबहार्ट

ता. क. पॅराशूटवर ओरखडासुद्धा उमटलेला नाही.

आणखी ता. क. लांबर्ट आज सकाळी येऊन गेला. पुढच्या वर्षी त्या टोकाला मका लावणार नाही, क्लोव्हर (गुरांचा ठेंगणा चारा) पेरणार आहे, म्हणजे कितीही आत आलं तरी चालेल. त्यामुळे पॅराशूटची आता मुळीच गरज उरलेली नाही. त्याने मोडकं नाक घरी नेलंय, चिकटवून बघतो म्हणाला. सफरचंदांना रोस्विताने दुसरी जागा बघितली आहे.

शेवटचं. नवं विमान मोठं होईल असं दिसतंय, त्याला दोन पॅराशूटं लागतील. तुझ्या छत्रीचं कापड उत्तम निघालं, मध्यभागी दांडीचं भोक आयतंच, हवा जायला ते लागतंच. दाजींची छत्री तुझ्याच जोडीची आहे ना? ती पोस्टाने पाठव. गरज नाही हे मलाही कळतं, पण एकदा तरी ते मला जमिनीवर फुललेलं बघायचंय. नुसतं कापड पाठवलंस तरी चालेल. दांडी नको, तुझी आहे इथे.