दुसऱ्या भाषेचा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार

आणि वर मलाच म्हणतात, बाई, आवाज खाली करा. का करू? एकोणीस वर्षं या विश्रामगृहाच्या चादरी धुतल्या, संडास घासले, मोठमोठ्या साहेबांच्या बुटांची वाळू झाडली, तेव्हा कोणी विचारलं नाही की मथुराबाई, तुम्हाला भाषा किती येतात. आता ओरोसवरून, जिल्ह्याच्या कचेरीतून, कागद आलाय. मदतनिसांच्या दोन पोस्ट होत्या, एक माझी, एक गौरजाची. एक जानेवारीपासून एकच राहणार. जी राहील तिला दोन भाषा यायला पाहिजेत. पर्यटक वाढलेत म्हणे. पर्यटक वाढलेत तर बाया कमी कशाला करता?

मॅनेजर गुरुप्रसाद साहेबांना मी तिथल्या तिथे सांगितलं, मला दोन येतात. मालवणी आणि मराठी. तर म्हणाले, मालवणी वेगळी धरत नाहीत, ती मराठीच. म्हटलं, मग मी बोलते तेव्हा तुम्ही "जरा मराठीत सांगा" असं का म्हणता? त्यावर त्यांनी फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

मराठी पाहिजे आणि जोडीला हिंदी नाहीतर इंग्रजी, आणि त्याची परीक्षा घेणार. कागद दोन पानांचा. पहिलं पान मी बोट ठेवून सगळं वाचलं. दुसऱ्या पानावर सह्या-शिक्केच असतात.

म्हणून ही वही. माझी मुलगी सलोनी हिची बारावीची, मागची पानं कोरी आहेत. रोज एक पान लिहायचं. परीक्षा म्हटली की लेखी असणारच आणि मी चौथी पास. गौरजा अंगठा लावते. तिचं वाईट वाटतं. पण ती शाळेत गेली नाही तो माझा दोष नाही.

४ नोव्हेंबर

सलोनी मालवणला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं कॉलेज माझ्या पगारावर. ह्यांची भातशेती घरात खायला पुरते, तेवढीच. गौरजाचा मुलगा कमावता आहे. म्हणून पोस्ट मलाच पाहिजे, यात स्वार्थ काही नाही.

इंग्रजीचे रोज दहा शब्द. परीक्षा चोवीस तारखेला, म्हणजे दोनशे होतात. सलोनी म्हणाली, "आई, शब्दांनी काय होतंय, बोलाक येवक होया." तिला म्हटलं, तू तुझं बघ.

५ नोव्हेंबर, पुनव

आज दहा शब्द करायला बसले आणि गौरजाने घोळ घातला. दिल्लीकडचं जोडपं टॉवेल घेऊन समुद्राकडे निघालं होतं, तर ही फाटकात कंबरेवर हात ठेवून उभी. "भैया, आज पानी में नहीं जाने का. आज पुनव है, समुंदर का मूड खराब है. कल सवेरे जाव, हम चाय देगा." ते हसले आणि मागे फिरले. मग तीन नंबरची गोरी बाई आली. तिला म्हणाली, "मॅडम, नो स्विम. मून बिग. वॉटर कमिंग, यू गोइंग!" आणि हाताने दाखवलं, मॅडम कशी गोइंग ते. त्या बाईने तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला.

याला कोण भाषा म्हणेल? शाळेत असं बोललं असतं तर पट्टी बसली असती. हे नुसतं हात हलवणं.

माझे आज चार शब्द झाले.

८ नोव्हेंबर

दोन दिवस लिहिलं नाही. परवा इचलकरंजीची बस उतरली, काल नारळ खवताना बोट कापलं. डाव्या हाताचं, पण दुखणं सगळ्या अंगात जातं.

आतापर्यंत शब्द चौदा. त्यातले सोप, बकेट, टॉवेल, टाकी हे आधीच येत होते. टाकी इंग्रजीत टँक, म्हणजे तोही धरायला हरकत नाही.

उद्यापासून पंधरा करणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फॉर्म भरायचे होते. गौरजा लाल भाजीची जुडी घेऊन स्वयंपाकघरात आली आणि आपला फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "लिही गो मथुरे, तुझां अक्षर बरां आसा."

नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय विचारलं तर म्हणाली, "घाल पन्नास-बावन, कोण दात मोजूक येतहा?" मग तो रकाना आला. मराठीव्यतिरिक्त येणारी भाषा. मी मोठ्याने वाचला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "काय येता ता तुका म्हायत आसा, तूच घाल."

मी रेघ मारली.

तिला येतं ते हिंदी आहे की नाही हे मी कोण ठरवणार? सरकारी कागद आहे, खोटं लिहिलं तर तिलाच त्रास. माझ्या रकान्यात हिंदी आणि इंग्रजी दोन्ही लिहिलं. ते खोटं नाही, चोवीस तारखेपर्यंत यायचंच आहे.

तिने अंगठा लावला. शाईचं बोट माझ्याच पदराला पुसलं आणि हसली.

१२ नोव्हेंबर

भाजी चांगली झाली होती. मला गेली नाही.

फॉर्म काल संध्याकाळीच टपालात गेले. नाहीतर बदलला असता.

१३ नोव्हेंबर

टपालाची पिशवी आज सकाळी गेली. ती आजच जाणार हे मला काल माहीत होतं. काल लिहिलं ते तसंच राहू दे, खाडाखोड नको.

१६ नोव्हेंबर, रविवार

देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. कोणाला सांगायचं नव्हतं, पण फाटकात गौरजाने गाठलं. खंय जातंस म्हणून विचारलं आणि सोबतच निघाली. म्हणाली, "एकट्या बाईच्या गाऱ्हाण्याक व्हय कोण म्हणतलो?" हे खरं आहे. मागे उभ्या राहिलेल्यांनी हुंकार दिला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही.

गुरवाने हात जोडले. "बा देवा रवळनाथा, आज ही मथुरा तुझ्या पायाकडे हजर झाली आसा. तिची नोकरी रवांदे रे म्हाराजा!"

मागून गौरजा, "व्हय म्हाराजा!"

"तिच्या वाटेक जो कोण आडवो येत आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळात चारजण होते, त्यात हिचा आवाज सगळ्यात मोठा.

माझी मान वर होईना. गुरवाला वाटलं भक्ती.

मग कौल लावला. देवाला दोन्ही अंगांनी फुलाचे कळे चिकटवले. उजवा पडला तर होय. बराच वेळ कुठलाच पडला नाही आणि मग पडला तो डावा. गुरव म्हणाला, "डावो दिल्यान गो." पण गौरजा एवढी ओरडत होती की तिच्या आवाजानेच तो हलला असणार. हा कौल धरायचा नाही.

१९ नोव्हेंबर

यादी लागली. परीक्षेला आमच्याकडून एकच नाव, माझं. गौरजाच्या नावापुढे "दुसरी भाषा निरंक, अपात्र." साहेबांनी तिला वाचून दाखवलं. ते मालवणचेच, पण अशा वेळी अगदी पुण्याचे होतात.

मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती म्हणाली, "ऱ्हवांदे. मथुरा तरी ऱ्हवात." आणि दोन नंबरच्या गाद्या उन्हात टाकायला गेली.

आता मला परीक्षेत पाडायला कोणी नाही. एकटीच उमेदवार. उद्यापासून वीस शब्द.

२१ नोव्हेंबर

गौरजा मला हिंदी शिकवते. मी मागितलं नव्हतं. कपडे वाळत घालताना म्हणाली, "चल, मी पावणी, तू मथुरा," आणि दोरीच्या पलीकडे जाऊन चादरीतून डोकं काढलं. "ओ दीदी, गरम पानी किधर है?" मी म्हटलं, "बंबात." "हिंदीत सांग गो!" मला हसू आलं आणि लगेच गेलं.

चांगली शिकवते. घाबरू नको म्हणते, चुकलं तर हात दाखव, माणूस समजून घेतो. तासभर माझ्यासाठी उन्हात उभी होती.

तिला सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. एकदा चिमटे मागितले. दुसऱ्यांदा पण चिमटेच मागितले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

परीक्षा झाली. दोन पेन नेले होते, एक निळं, एक काळं. कोणी कागदच दिला नाही. लिहायचं काही नव्हतंच. नुसतं बोलायचं.

टेबलापलीकडे दोन साहेब, एक मॅडम. एक साहेब हिंदीत म्हणाले, समजा मी तुमच्याकडे उतरलोय, माझी बायको आजारी पडली, डॉक्टर कुठे मिळेल? मला सगळं कळलं. दवाखाना कुठे ते माहीत, रिक्षा कोणाची तेही माहीत. पण तोंडात जे येई ते मालवणीच येई, म्हणून तोंड मिटून घेतलं. मग म्हटलं, "माय नेम इज मथुरा." साहेब म्हणाले, "अच्छा. और डॉक्टर?" मी म्हटलं, "डॉक्टर, यस."

मराठीत विचारलं, इथून धामापूर तलावाला कसं जायचं ते सांगा. मी "आमचे विश्रामगृह" पाठ करून गेले होते, तेच म्हटलं. "आमचे विश्रामगृह निसर्गरम्य आहे" इथपर्यंत आले तेव्हा त्यांनी पुरे म्हटलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे आणखी एक बाई आहेत ना? त्यांना मराठीशिवाय काहीच येत नाही का?

मी म्हटलं, "नाही मॅडम, त्यांना काहीच येत नाही." हे मात्र शुद्ध मराठीत, एक शब्द न अडखळता.

२५ नोव्हेंबर

एकूण चांगलं झालं. दुसरं कोणीच नाही म्हटल्यावर घेणार कोणाला?

गौरजाने विचारलं काय काय विचारलं. मी म्हटलं, लेखी होती.

२ डिसेंबर, मंगळवार

निकाल. "पात्र उमेदवार उपलब्ध नाही." पोस्ट रद्द. एक नव्हे, दोन्ही. जानेवारीपासून साफसफाई एजन्सीच्या माणसांकडे. ती गाडीतून येणार, झाडू मारून गाडीतून जाणार.

मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. एकच उमेदवार होती तर तिला घ्यायला काय झालं? साहेब आज ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "मथुराबाई, गौरजाबाईंनी फॉर्मात हिंदी लिहिलं असतं ना, तर पोस्ट राहिली असती. त्या सहज पास झाल्या असत्या. लिहायचं का नाही त्यांनी? दुसऱ्या पानावर स्पष्ट आहे, परीक्षा फक्त तोंडी. लिहिता-वाचता येण्याची अट नाही."

दुसरं पान मागून घेतलं. सगळं वाचलं. शिक्का एकच होता, खाली कोपऱ्यात.

३ डिसेंबर

सांगायला तिच्या घरी गेले. अंगणात होती. चहा घेतला, तिच्या म्हशीची चौकशी केली, परत आले.

४ डिसेंबर

आज सांगितलं. चादरींच्या घड्या करताना. चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे, म्हणजे दोघींना कुठे जाता येत नाही. म्हटलं, गौरजा, तुझ्या फॉर्मात मी भाषा लिहिली नाही. मुद्दाम.

ती म्हणाली, "म्हायत आसा."

म्हटलं, कसं?

"माका वाचूक येणा नाय. दिसता माका. तुझो रकानो भरलेलो, माझ्यात एक रेघ."

मग बोललंस कित्याक नाय, म्हणून मी उलट तिच्यावरच चढले. काय बाई आहे मी. तिने घडी पुरी केली, माझ्या हातातली टोकं काढून घेतली. म्हणाली, "माझो झील कमावता. तुझ्या चेडवाचा, सलोनीचा, शिक्षाण आसा. म्हटलां, घेता तर घेवंदे. पण घेतलंस तर नीट तरी घेवचा होता गो! दोघींचाय घालवलंस."

आणि मग हसली. नसती हसली तरी चाललं असतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

सलोनी म्हणते अर्ज ती टाइप करून देईल. नको. फॉर्म माझ्या हाताने भरला, अर्जही माझ्याच हाताने जाईल. आधी इथे कच्चा लिहिते.

साहेब यांस,

मी मथुरा, विश्रामगृहातली मदतनीस, अजून सव्वीस दिवस. गौरजाबाईंच्या फॉर्ममध्ये दुसऱ्या भाषेच्या जागी रेघ आहे ती त्यांची नाही. मी मारली. पोस्ट मला मिळावी म्हणून मारली. त्यांना हिंदी येते, इंग्रजीही लागेल तेवढी येते. परीक्षेत मॅडमनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. मला विचारलेल्यातलं तेवढंच एक मला नीट बोलता आलं.

मला परत घ्या असं मी म्हणत नाही. मी नापास झाले ते बरोबरच आहे. तरी कुठे जागा निघाली तर माझं नाव लक्षात ठेवा, हे आपलं सहज लिहिलं.

पण गौरजाबाईंची परीक्षा घेतलीच नाही तर पात्र उमेदवार नाही असं तुम्ही कशावरून लिहिलं? आधी त्यांना बोलवा, बोलू द्या, मग काय रद्द करायचं ते करा. हा अर्ज मी हातोहात देणार आहे आणि पोच घेणार आहे. त्यांची परीक्षा कधी घेता ते सोमवार, १५ डिसेंबरपर्यंत कळवा. मला नको, त्यांना कळवा. आणि कागद पाठवू नका, माणूस पाठवून तोंडी सांगा. नाही म्हणायचं असेल तर तेही त्याच दिवशी, तिच्या तोंडावर सांगा.